गप्प बसलेल्यांची यादी

५ जून

ताई,

‘सप्रेम नमस्कार’ लिहिणार होते, पण सप्रेम तू परत पाठवशील आणि नमस्कार ठेवून घेशील, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोन तू उचलत नाहीस. माझा तर नाहीच, पण अनोळखी नंबरही उचलत नाहीस, कारण तो मीच दुसरीकडून लावला असेल अशी तुला शंका येते. (दोनदा ती खरीही होती.) पत्र मात्र तुला फाडवत नाही. औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागदसुद्धा तू घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवतेस. तेव्हा फोडू नकोस हवं तर, पण ठेव.

बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ झाली आहे. पेपर बंद पडला हे तुझ्या कानावर आलं असेलच. बावीस वर्षं दर रविवारी लोकांची टिंगल करून मी पोट भरलं. मालकांनी माझं सदर बंद करण्याऐवजी आख्खा पेपरच बंद केला, एवढा मान फार थोड्यांना मिळतो. मग दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन संगणकातली पदवी घेतली. आता एका कंपनीने नव्या पदवीधरांच्या प्रशिक्षण योजनेत घेतलंय. जाहिरातीत पदवी नवी हवी असं म्हटलं होतं. माणूस नवं हवं असं लिहायला विसरले.

तुकडीत चौदा जण. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर तेरा पोरं उभी राहिली. मी जाऊन शेवटच्या खुर्चीत बसले, तेव्हा परीक्षेत पर्यवेक्षकच शेजारी बसून पेपर सोडवायला लागल्यासारखे त्यांचे चेहरे झाले.

काम डेटा इंजिनिअरचं. म्हणजे काय, तर कंपन्यांकडे नोंदींचे ढीग असतात. कोण, कुठे राहतं, केव्हा काय केलं. त्या नोंदी एका ठिकाणाहून उचलायच्या, निवडायच्या, धुवायच्या आणि दुसऱ्या ठिकाणी नीट लावून ठेवायच्या. थोडक्यात, जन्मभर तू स्वयंपाकघरात जे केलंस आणि मी कधी केलं नाही, ते.

चार महिन्यांची योजना आहे. तीस सप्टेंबरला ठरेल, कायम की घरी. तेविसाव्या वर्षी ‘घरी’ म्हणजे दुसरी नोकरी. माझ्या वयात ‘घरी’ म्हणजे घरीच.

गुडघा कसा आहे? स्टूलवर चढणं सोडलं असशील अशी आशा आहे. सोडलं नसशील याची खात्री आहे.

तुझी (हे तू ठरव)

२८ जून

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं म्हटलंच नव्हतं.

पोरं चांगली आहेत. मला आधी ‘मॅडम’ म्हणायची, आता ‘काकू’ म्हणतात. शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव मी वटवट ठेवलंय. ती माझं नाव काय ठेवते ते सांगत नाही, म्हणजे चांगलं नसणार. परवा म्हणाली, “काकू, तुम्ही कीबोर्डवर असं दणादण मारता की मला वाटतं कुणाशी तरी भांडताय.” मी म्हटलं, “बावीस वर्षं तेच करत होते.”

शिकवणारे गृहस्थ बारीक आवाजाचे आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक रकाना काढला आणि तो रिकामा ठेवला. विचारलं, इथे किती? तेरा पोरं एका सुरात, शून्य! ते म्हणाले, “नाही. शून्य म्हणजे आपण मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामा म्हणजे आपल्याला माहीत नाही. हे दोन ज्याने एक मानले, त्याने माझ्या वर्गात बसू नये.” मी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मनात म्हटलं, बुवांना एवढंसं सांगायला केवढा आव.

त्या लेखाबद्दल मी या पत्रात काहीही लिहिणार नाही. एवढंच म्हणते, की तीन वर्षं झाली. त्या रविवारी सगळे हसले होते. भाऊजीही हसले होते, तूच फोनवर म्हणाली होतीस.

पावसाळी चपला घेतल्यास का? बाथरूममध्ये घसरू नकोस.

११ ऑगस्ट

ताई,

वर्ग संपले, खरं काम मिळालं. ऐक, तुला पटेल असं आहे.

एकटी राहणारी म्हातारी माणसं असतात ना, त्यांना गळ्यात घालायला एक बटण देतात. पडलं, छातीत दुखलं, तर दाबायचं. तिकडे केंद्रात घंटा वाजते, एक बाई बोलते, “हॅलो, मी ऐकतेय.” तिच्या समोर स्क्रीनवर दाबणाऱ्याचं नाव, पत्ता, किल्ली कुणाकडे, कुणाला कळवायचं, सगळं येतं. ती माणूस पाठवते. ही सगळी माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायचं काम आमच्याकडे आहे. रोज सकाळी सहाला आमचा प्रोग्रॅम जुनी यादी उचलतो आणि केंद्राच्या स्क्रीनवर नवी मांडतो.

आमचा टीम लीडर एकोणतीस वर्षांचा आहे. मी त्याला मुकादम म्हणते. वाईट नाही बिचारा, फक्त सारखा घाईत. दाढीसुद्धा अर्धी करून आल्यासारखी दिसते. म्हणाला, “मॅडम, जुनी यादी म्हणजे उकिरडा आहे. वीस वर्षांपूर्वी गेलेले लोक अजून आत आहेत. बटणं परत केलेले आहेत. एकच आजी चार वेळा आहे. खरोखर वापरणारे कोण ते तुम्ही ठरवा. नियम बसवा. बाकीचे पुढे न्यायचे नाहीत.”

ताई, लोक खरे कोण आणि उगीच कोण हे ठरवायचं काम! मला वाटलं, माझं सदरच परत मिळालं.

२ सप्टेंबर

ताई,

छोटं पत्र, कारण मान ताठ आहे आणि वाकवत नाही.

माझा नियम लागू झाला. दोन वर्षांत एकदाही बटण दाबलं नाही, तक्रार नाही, बॅटरी मागितली नाही, तर ती नोंद ‘निष्क्रिय’. सोपा आणि सरळ. सात हजार नोंदी एकाच सकाळी गळाल्या. त्याआधी पन्नास नोंदी नमुन्याला काढून केंद्रातून फोन करवले. पन्नासच्या पन्नास बरोबर निघाल्या.

मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, “शिका काकूंकडून.” वटवटने टाळ्या वाजवल्या. तीस तारखेची भीती निम्मी झाली.

तुला सांगावंसं वाटलं. दुसरं कुणी नाही सांगायला, हेही खरं.

१९ सप्टेंबर

ताई,

आज मी एक ध्वनिमुद्रण ऐकलं. सगळ्यांनी ऐकायचं होतं. मी तिसऱ्यांदा ऐकून लिहायला बसले आहे.

काल सकाळी दहाला केंद्रात घंटा वाजली. तिथल्या बाईंनी उचललं. त्यांची स्क्रीन कोरी. ‘नोंद सापडली नाही’ एवढंच.

“हॅलो, मी ऐकतेय. काय झालं?”

“पडलोय.”

“कुठे आहात तुम्ही?”

“जमिनीवर.”

“आजोबा, पत्ता सांगता का?”

“तुमच्याकडे लिहून घेतलाय की. दोनदा सही घेतली माझी.”

“हो, पण आत्ता मला दिसत नाहीये. कुठे घर आहे तुमचं?”

“अहो माणूस पाठवा ना. घर कुठे असतं? घरीच आहे.”

मग नुसता श्वास. मग बाई पुन्हा, “खिडकीतून काय दिसतं?”

“आभाळ. पडलोय म्हणालो ना.”

ऐकताना तुकडीतले दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. आजोबा शुद्धीत येत होते, जात होते. बाईंनी एकदाही फोन ठेवला नाही. बोलत राहिल्या. मुलं कुठे असतात, नाश्ता केला होता का, पूर्वी काय करायचात. तर म्हणाले शिंपी. काय शिवायचात? तिसऱ्यांदा विचारल्यावर, “बँडवाल्यांचे कोट. लाल.”

बाईंच्या शेजारच्या टेबलावरच्या एकीचा काका बँडमध्ये वाजवायचा. तिने काकाला फोन केला, काकाने शिंप्याची गल्ली सांगितली. दार तोडलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. चार तास, ताई. मांडीचं हाड मोडलंय. आहेत. वाचले.

आजोबांनी सव्वादोन वर्षांत बटण एकदाही दाबलं नव्हतं. कारण ते एकदाही पडले नव्हते.

२० सप्टेंबर

ताई,

दोन तारखेच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. पन्नासच्या पन्नास नव्हतं. सत्तेचाळीस जण गेलेले किंवा बटण परत केलेले निघाले. तिघांनी फोन उचलला नव्हता. मी त्या तीन रिकाम्या रकान्यांत ‘निष्क्रिय’ भरलं. वहीत दोन रेघा मारलेल्या असताना. नमुन्यातली नावं आम्हा शिकाऊंना दिसत नाहीत, नुसते क्रमांक दिसतात. त्या तीन क्रमांकांतला एक शिंपी होता.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो कागद माझ्याच संगणकात होता आणि पुसायला एक बोट पुरलं असतं. ते बोट बराच वेळ त्या कळीवर होतं, एवढं कबूल करते.

सकाळी अकराला बैठक झाली. विभागाच्या मोठ्या बाई, मुकादम, मी. मुकादमाने तयारी केली होती. म्हणाला, “जुन्या यादीतली एक नोंद खराब होती. ती दुरुस्त केली. आता प्रश्न नाही.” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नियमावर त्याची सही आहे. तपासायला त्याने अकरा मिनिटं घेतली होती, वेळ नोंदलेली राहते. मी गप्प बसले तर दोघंही तीस तारखेला कायम. आणि एक नोंद खराब होती म्हटल्यावर बाकीच्या सात हजारांकडे कोण बघतंय?

मोठ्या बाई उठायलाच लागल्या होत्या. मी म्हटलं, “एक नाही. शेकड्यांनी असतील.”

“म्हणजे?”

“नियम माझा. जो गप्प आहे तो नाहीच, असं मी धरलं. तिघांनी फोन उचलला नाही, त्यांनाही मेलेलं धरलं. पन्नासात तीन, तर सात हजारांत चारशेच्या वर. ती सगळी माणसं गळ्यात मुकं बटण घालून बसलीयेत.”

मुकादम म्हणाला, “मॅडम, तुम्ही जरा थांबता का?”

“थांबले असते रे, पण आजोबा चार तास थांबले.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, “सगळ्या नोंदी आत्ता परत घाला. आज आणि उद्या सगळी तुकडी फोनवर. जो जिवंत सापडेल त्याला बटण दाबायला लावायचं आणि घंटा वाजली तरच खूण करायची. नाहीतर नाही. जो फोन उचलणार नाही त्याच्या घरी माणूस जाईल.” आणि मला, “तुमचं काय करायचं ते यादी पूर्ण झाल्यावर.”

ताई, आता ते दुसरं. त्या लेखात मी लिहिलं होतं, की आमचे एक निवृत्त साहेब घरी कार्यालय चालवतात. डब्याला चिठ्ठी, कपाटाला चिठ्ठी, नळाला ‘डावीकडे फिरवावे’, बायकोच्या खुर्चीवर ‘आसन राखीव’. लोक लोटपोट झाले. चार महिन्यांनी भाऊजी गेले आणि तू मला दारात अडवून सांगितलंस, की ते विसरायला लागले होते म्हणून चिठ्ठ्या. आणि म्हणालीस, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस. मी सगळ्यांना सांगत आले, मला कुठे माहीत होतं? कुणी सांगितलंच नाही.

पण लेखाच्या आधीच्या आठवड्यात मी तुझ्याकडे आले होते. भाऊजी साखरेचा डबा हातात धरून त्यावरची स्वतःचीच चिठ्ठी वाचत उभे होते. फार वेळ. मला तेव्हाच विचारता आलं असतं. विचारलं असतं तर लेख मेला असता, म्हणून नाही विचारलं.

एवढंच. याला ‘चूक झाली’ म्हणतात की काय म्हणतात, तू ठरव.

२४ सप्टेंबर

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही, टपाल तीन दिवस घेतं. बसमध्ये लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

दोनाचे चार दिवस झाले, आम्ही केंद्रातच बसून फोन करत होतो. वटवटचा आवाज बसला, हे जगातलं आठवं आश्चर्य. मुकादमही बाह्या सरसावून बसला, माझ्याशी न बोलता. एका आजींनी बटण दाबून बघायला नकार दिला, “उगीच कशाला, झिजेल.” एका आजोबांनी सात वेळा दाबलं, कारण केंद्रातल्या बाईंचा आवाज आवडला. जिवंत सापडली चारशे सोळा माणसं. चारशे सोळा घंटा वाजल्या. चारशे सोळा खुणा.

एक उरलं. फोन लागतो, पण कुणी उचलत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, अकरा वेळा. आता घरी माणूस पाठवायचा, म्हणून केंद्राने आज ती नोंद नाव-पत्त्यासकट माझ्या टेबलावर ठेवली.

नाव-पत्ता वाचायच्या आधीच मला कळलं. शेऱ्याच्या रकान्यात बटण बसवणाऱ्याने लिहिलंय, ‘बाई म्हणतात गरज पडणार नाही. बटण गळ्यात घालत नाहीत. फ्रिजवरच्या डब्यात ठेवले आहे.’

तुझी नोंद सव्वादोन वर्षांपूर्वीची आहे. आपलं बोलणं बंद होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते. शेवटचा रकाना, ‘तातडीच्या वेळी कुणाला कळवायचे’. तिथे लिहिलंय, धाकटी बहीण. पुढे माझा नंबर, अगदी बरोबर. आणि तुझ्या अक्षरातल्या अर्जाची प्रत जोडलेली आहे. तू नंबरच्या खाली रेघ मारलीयेस.

एकोणीस दिवस, ताई. दोन सप्टेंबरपासून वीसपर्यंत. त्या दिवसांत तू पडली असतीस, तर त्या बाईंनी तुला विचारलं असतं, कुठे आहात? आणि तू नक्की म्हणाली असतीस, काही नाही, चुकून दाबलं गेलं.

मी तिथूनच तुझ्या खालच्या मजल्यावरच्यांना फोन लावला. ते फोनपाशी येईपर्यंत माझं काय झालं ते लिहीत नाही. ते म्हणाले, “कालच गॅलरीत दिसल्या. पण दार उघडत नाहीत कुणाला.” मी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं, ही माझी बहीण आहे, तिच्याकडे मीच जाणार. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे पाहिलं. म्हणाल्या, “बोलता तुम्ही एकमेकींशी?”

“नाही.”

“मग कशाला?”

“ती फक्त पत्रं ठेवून घेते.”

“जा,” म्हणाल्या. “घंटा वाजली की मला कळेल.”

२५ सप्टेंबर, सकाळ. तुझ्या दाराबाहेर.

ताई,

बसमधलं पत्र आणि हे, दोन्ही दाराखालून सरकवते आहे. पाऊल ठेवू नकोस म्हणाली होतीस, म्हणून पायपुसण्याच्या अलीकडे जिन्यावर बसले आहे. बेलखाली भाऊजींची चिठ्ठी अजून आहे, ‘एकदाच वाजवावी. आम्ही येत आहोत.’ वर चिकटपट्टी नवी दिसते. एकदाच वाजवली. पुन्हा वाजवायची माझी छाती नाही.

आत रेडिओ चालू होता, बेल वाजल्यावर बंद झाला. म्हणजे आहेस. एवढ्यावर मी परत जायला तयार आहे, पण एक काम राहतं.

माफी मागायला आलेय असं समजू नकोस. ती वीस तारखेच्या पत्रात आहे, तुझ्या ड्रॉवरमध्ये, बहुधा न फोडलेली. मी नोकरीसाठी आलेय असंच समज हवं तर, तेवढं कारण तुला पटेल. नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. पण चारशे सोळा माणसांची घंटा मी माझ्या कानांनी ऐकली आहे आणि तुझी ऐकल्याशिवाय मला कुठेही बसवणार नाही.

मला उत्तर नको. दारही उघडू नकोस. फक्त ते बटण एकदा दाब. केंद्रातली बाई म्हणेल, “हॅलो, मी ऐकतेय.” तू म्हण, “काही नाही, बघत होते.” मला बाहेर ऐकू येईल. मग मी जाते.

वाट बघते.

(ही चिठ्ठी वेगळी सरकवतेय, पाठकोरा कागद आहे, दुसरा नाही.)

दाराखालचं पत्र आत ओढलं गेलेलं पाहिलं. पानं उलटल्याचंही ऐकलं. वीस तारखेचं तू आधीच फोडलं होतंस, नाहीतर मधेच ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला असता.

आता आत काहीतरी फरशीवरून सरकतंय. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते.

ताई, डबा फ्रिजवर आहे आणि तुझा हात तिथपर्यंत कधीच पोचलेला नाही. स्टूलवर चढू नकोस. थांब. दार उघड, मी काढून देते.